डमी अलगद आणतो, पक्षी मात्र चिरडतो

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. इंग्लंडमध्ये सफोकला राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांकडे नऊ महिन्यांचा काळा लॅब्राडोर आहे. कापडी डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी सरावाला टाकायची गुंडाळी, तो सुरेख आणतो. ऑक्टोबरमध्ये जवळच्या शूटच्या (पक्ष्यांच्या शिकारीच्या) कीपरने, म्हणजे तिथले पक्षी सांभाळणाऱ्या माणसाने, सरावासाठी तीन मारलेले फेजंट (कोंबडीसारखे शिकारीचे पक्षी) पिशवीत घालून दिले. पहिला कुत्र्याने हुंगला आणि सोडून दिला. दुसरा उचलला, पण झुडपामागे नेऊन त्याची पिसं उपटत बसला. शेवटी तोंडातून ओढून काढावा लागला. तिसरा आणला खरा, पण हातात आला तेव्हा बरगड्या मोडलेल्या. तिथल्या एका जुन्या जाणत्याने जागच्या जागी निकाल दिला : ‘हार्ड माउथ, म्हणजे पक्षी चिरडणारं कडक तोंड. हे सुधारत नाही. घरी पाळा, शूटवर आणू नका.’ जानेवारीत एका छोट्या शूटचं आमंत्रण आहे. तोवर कुत्र्याचं तोंड मऊ करता येईल का, की तो जाणता म्हणतो तेच खरं?

शेवटी जाता जाता त्यांनी आणखी लिहिलंय, की घरात एक म्हातारी स्पॅनियल कुत्री आहे, तिच्या हाती लागू नये म्हणून हा सगळ्या वस्तू टेबलाखाली नेऊन ठेवतो, आणि मुलं त्याच्याशी मोज्याची ओढाओढ खेळतात. माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे.

मी मूळची सांगलीची, गेली एकोणीस वर्षं नॉर्थम्बरलँडमध्ये. हंगामात आठवड्यातले दोन-तीन दिवस पिकिंग-अप करते. म्हणजे हाका संपला की पडलेले पक्षी कुत्र्यांकडून शोधून आणायचे, आणि जखमी पक्षी सगळ्यांत आधी, कारण त्याला तळमळत ठेवणं बरोबर नाही. रिट्रीव्हर कुत्रा ठेवण्याचं खरं कारण हेच. पक्षी अखंड हवा तो पुढे ताटात जायचा असतो म्हणून. बरगड्या मोडल्या की हाडांचे कपचे छातीच्या मांसात घुसतात, आतडं फुटलं की मांस कडू होतं, आणि गेम डीलर, म्हणजे शिकारीचे पक्षी विकत घेणारा व्यापारी, असा पक्षी बाजूला काढतो. मीही घरी आणत नाही. काळ्या मसाल्यातली फेजंटची कोंबडी खाताना दाताखाली हाडाचा चुरा आला की सगळी मजा जाते.

तुमच्याकडे तीन पक्ष्यांच्या तीन वेगळ्या गोष्टी घडल्यात आणि तिन्हींना मिळून एकच नाव दिलं गेलंय. पहिला सोडला, कारण त्याला ती वस्तू काय आहे तेच कळलं नाही. दुसरा लपवला, कारण घरात तो हेच करत आलाय. ही मालकी झाली, हिचा जबड्याशी फारसा संबंध नाही. राहिला तिसरा. तोसुद्धा दुसऱ्याची ओढाताण झाल्यानंतर लगेच दिलेला. एकदा तोंडातून वस्तू हिसकावून घेतली की पुढच्या वेळी कुत्रा आवळून धरणारच. आपणही तेच करू.

आता एक अडचणीचा प्रश्न विचारते. तिसरा पक्षी टाकण्याआधी तुम्ही त्याच्या बरगड्या तपासल्या होत्या का? बहुतेक जण तपासत नाहीत. उंचावरून कडक जमिनीवर आपटलेला फेजंट आतून फुटलेला असू शकतो. जवळून मारलेल्याची एक बाजू छर्ऱ्यांनी चाळणी झालेली असते. त्यात हे तीन पक्षी पिशवीत एकावर एक, गाडीच्या डिकीत. तेव्हा खापर कुत्र्यावर फोडण्याआधी पक्षी बघायला शिका.

पद्धत अशी. पक्षी तळहातावर उताणा घ्यायचा, छाती वर, डोकं पुढे. दुसऱ्या हाताचा अंगठा एका बाजूला आणि तर्जनी दुसऱ्या बाजूला, पंखांच्या खाली, पिसांच्या आत सरकवायची. धड पक्ष्याच्या बरगड्या गोल, ताठ लागतात, लहान टोपलीच्या कामट्यांसारख्या. दाबल्या तर किंचित दबतात आणि परत येतात. चिरडलेल्या असतील तर बोट आत जातं, टोपली बसलेली असते, कुरकुर लागते. मग पिसांवर फुंकर मारून कातडी बघायची. एका बाजूची मोडतोड छर्ऱ्याची किंवा पडल्याची असू शकते. दोन्ही बाजू सारख्याच आत गेल्या असतील, तर तो जबडाच. कातडीवर एखादा दाताचा ओरखडा किंवा शेपटीकडचं मांस थोडं फाटलेलं दिसलं म्हणून घाबरायचं नाही. झाडोऱ्यातून पळणारा पक्षी पकडताना तेवढं होतं.

इथल्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेत, परीक्षक नेमकं हेच करतात. तिथे हार्ड माउथ म्हणजे थेट बाद. तरीही बाद करण्याआधी पक्षी हँडलरच्या (कुत्रा चालवणाऱ्याच्या) हातात देऊन त्यालाही तपासायची संधी देतात. स्पर्धेत एवढी काळजी घेतात, आणि तुमच्या जाणत्याने एका पक्ष्यावर नऊ महिन्यांच्या पोराचं आयुष्य ठरवून टाकलं.

आता त्याची बाजूही मांडायला हवी, कारण तो सर्वस्वी चूक नाही. खरंच कडक तोंडाचे कुत्रे असतात, आणि तो दोष काही अंशी रक्तातून येतो. लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जाती पिढ्यान् पिढ्या अलगद धरणाऱ्या कुत्र्यांमधूनच पैदास करत घडवल्या गेल्या. लॉर्ड ट्वीडमाउथने स्कॉटलंडमध्ये गुइसाकनला १८६८ मध्ये नूस आणि बेल या जोडीपासून पिवळी पिल्लं काढली, तेव्हापासून गोल्डनच्या नोंदी सापडतात. ट्रायलवाले कडक तोंडाच्या कुत्र्यापासून पिल्लं काढत नाहीत ते उगाच नाही. म्हणून ज्याच्याकडून पिल्लू घेतलं त्याला फोन करा, आई-बाप पक्षी कसे आणतात, भावंडांचं काय चाललंय ते विचारा. दोन भावंडंही चिरडत असतील तर माझा सूर बदलेल. कामाच्या वंशाऐवजी नुसत्या घरगुती वंशातला असेल, तरी थोडा बदलेल.

पण असा जन्मजात कुत्रा ओळखायचा कसा? तो शांतपणे चिरडतो. मोकळ्या मैदानात, एकटा असताना, थंड सुक्या पक्ष्यालाही, पहिल्यापासून, दर वेळी. उचलताना एकदाच कचकन दाबतो आणि मग मजेत घेऊन येतो. तुमच्या वर्णनात असं काही नाही. तुमचा पळतोय, लपवतोय, गोंधळलाय. असे कुत्रे मी बरेच पाहिलेत आणि त्यातले बहुतेक पुढे बरे निघाले. ‘बहुतेक’ म्हणते, सगळे नाही.

माझ्या मामांकडे जतला कारवानी कुत्रे होते. सशामागे सोडले की वाऱ्यासारखे जायचे, आणि ससा हाती यायचा तो मेलेलाच. त्यांचं काम धरणं आणि मारणं. माझ्या पहिल्या लॅब्राडोर कुत्रीला अलगद पक्षी आणताना मामांनी व्हिडिओत पाहिलं आणि म्हणाले, ‘अगं, ही उपाशी आहे का आजारी?’ सांगायचं एवढंच, की आणून देणं हे कुत्र्याच्या स्वभावात असतं, पण हातात सोडून देणं शिकवावं लागतं. लॅब्राडोरलासुद्धा.

आणि ते शिकवताना घोटाळा होतो तो शेवटच्या दोन पावलांत. नव्या लोकांबरोबर मी जाते तेव्हा कुत्र्याकडे बघतच नाही, माणसाच्या हाताकडे बघते. कुत्रा पक्षी घेऊन येतोय, माणूस उभा, वाकतो, दोन्ही हात पुढे, नजर पक्ष्यावर. कुत्र्याला काय दिसतं? एक भला मोठा देह अंगावर येतोय आणि त्याला माझी वस्तू हवीय. तो डोकं फिरवतो, माणूस झडप घालतो, जबडा आवळतो. दहा वेळा असं झालं की अकराव्या वेळी कुत्रा लांबूनच आवळून यायला लागतो. डमी कापडाची, तिला काही होत नाही, म्हणून तुम्हाला कळत नाही. पक्षी आला की बरगड्या बोलतात.

म्हणजे ‘डमी सुरेख आणतो’ हे तुमचं वाक्य मी तसंच्या तसं मान्य करणार नाही. तुमच्या डमीवर दातांचे खोल वण आहेत का? कॅनव्हासचे धागे सुटलेत का? येताना तो डमी चघळतो का? बघा आणि मनाशी खरं उत्तर द्या. शिवाय चार ते सात महिन्यांच्या दरम्यान त्याचे दात पडत असताना तुम्ही डमी टाकत होता का? पिल्लाचे २८ दुधाचे दात जाऊन ४२ पक्के येतात, त्या काळात हिरड्या सुजलेल्या असतात. तेव्हा काहीतरी घट्ट चावलं की बरं वाटतं, आणि सवय तिथेच लागते. मी त्या तीन महिन्यांत तोंडात काहीच आणायला सांगत नाही. बसणं, थांबणं, शिट्टीवर येणं एवढंच. एकदा पशुवैद्याला तोंड उघडून दाखवा. अडकलेला दुधाचा सुळा किंवा दुखरी हिरडी असेल तर सगळी शिकवणी फुकट.

आता काय करायचं ते.

पक्षी बंद. निदान सहा आठवडे. मोजे, दोऱ्या, पिळल्यावर वाजणारी रबरी खेळणी घरातून बाहेर. मुलांना नीट बसवून सांगा, ओढाओढ बंद म्हणजे बंद; त्यांना लपवलेली डमी शोधायला लावायचा खेळ द्या, तो त्यांनाही आवडतो. स्पॅनियल असेल तिथे काहीही आणायला सांगायचं नाही. तिला दाराआड ठेवा, एका मिनिटासाठीसुद्धा अपवाद नको. आणि त्याने टेबलाखाली काही नेलं तर मागे धावू नका. तुम्ही उलट दिशेला चालू लागा, गुडघ्यावर बसा, त्याचं नाव घ्या. आला की चप्पल असो की रिमोट, कौतुकच करायचं. चप्पल आणली म्हणून ओरडलात, तर पुढची वस्तू टेबलाखालीच जाणार.

मग हात. घरातली अरुंद बोळकांडी घ्या, दोन्ही बाजूंना भिंत, पलीकडचं दार बंद. तुम्ही तोंडाशी बसा. लहान पिल्लाची अर्ध्या पौंडाची डमी चार पावलं टाका. त्याला परत यायला एकच वाट, आणि तिथे तुम्ही. तो येईल तेव्हा तोंडासमोर बसू नका, अंग तिरकं ठेवा, नजर जमिनीकडे. आल्यावर डमीला हात लावायचा नाही. छाती खाजवा, मानेखालून हात फिरवा, दोन चांगले शब्द बोला. त्याला डमी धरून तुमच्याजवळ उभं राहू दे, दहा सेकंद, वीस सेकंद. त्याला कळू दे की जवळ आलं की वस्तू जात नाही, उलट लाड होतात. मग हात जबड्याखाली न्या, वरून नाही. डमीला खालून आधार द्या आणि ‘दे’ म्हणा. ओढू नका. डमी किंचित त्याच्याच घशाकडे सरकवली की तोंड आपोआप उघडतं. ओढलं की मिटतं. एवढी एक गोष्ट हाताला वळण पडेपर्यंत करा. मीही आधी घरच्यांकडून सोफ्याची उशी धरवून सराव केला होता, हसू नका.

पाच डमींपैकी दोन त्याला परत द्या. घेतली, ‘शाब्बास’ म्हटलं, पुन्हा तोंडात दिली, चार पावलं बरोबर चालवलं, पुन्हा घेतली. यातून त्याला कळतं की देणं म्हणजे कायमचं गमावणं नव्हे. एका वेळी चार-पाचच्या वर टाकू नका. कंटाळलेला कुत्रा चघळतो.

खाऊचं काय, हे लोक नेहमी विचारतात. मी देत नाही, निदान देवघेवीच्या क्षणी नाही. खाऊचा वास आला की कुत्रा वस्तू दोन फुटांवर टाकून तोंड उघडून उभा राहतो. डमीचं ठीक, पण पुढे जखमी पक्षी असा टाकला की तो निसटतो. मात्र तुमच्यासारखा लपवणारा कुत्रा असेल, तर पहिला आठवडाभर अदलाबदल म्हणून खाऊ चालेल. मग बंद. इथे माझं मत पक्कं नाही, माझ्याहून चांगले ट्रेनर वेगळं सांगतात.

हे सगळं नीट झालं, आणि ‘नीट’ म्हणजे बाहेर मोकळ्या शेतात एक पौंडाची डमी सलग दोन आठवडे न चघळता हातात, की मग पक्ष्याकडे वळा. तेही एकदम नाही. आधी डमीवर फेजंटचे दोन सुकलेले पंख रबरबँडने बांधा. वास तोच, घट्टपणा ओळखीचा. चार-पाच दिवस. मग तितर. इथे लाल पायांचा तितर मिळतो, साधारण अर्ध्या किलोचा, आटोपशीर, पिसं चिकटून बसलेली. पक्षी पूर्ण थंड हवा, कोरडा हवा, रक्त अजिबात नको. मी हंगामात चांगले निवडून एकेक वेगळा गोठवते. वापरण्याच्या आदल्या रात्री बाहेर काढते, बाहेरून सुटलेला आणि आत अजून कडक असा हवा. चावलं तरी दाबला जात नाही आणि कुत्र्याला चावण्यात गंमतही वाटत नाही. पंख अंगाशी दुमडून वरून जुना नायलॉनचा स्टॉकिंग चढवायचा. कारण सैल पंख डोळ्यांवर फडफडतो, पायात येतो, मग कुत्रा पकड बदलतो, आणि प्रत्येक वेळी पकड बदलताना एकदा दाब बसतो. स्टॉकिंग चार दिवसांनी काढायचा.

कबुतर सुरुवातीला नको. इथे ते वर्षभर मिळतं म्हणून लोक तेच वापरतात, पण त्याची पिसं हात लावला की सुटतात. तोंड पिसांनी भरतं, कुत्रा खाकरतो, थुंकतो, आणि एकतर पक्षी टाकतो नाहीतर चघळतो. तितरानंतर फेजंटची मादी, ती किलोभर. नर शेवटी. तो दीड किलोच्या घरात, लांब शेपटी, लोंबती मान, आणि पायाला आरी, म्हणजे टोकदार काटा. तुमच्या कीपरने दिलेल्या तिघांत नर किती होते ते लिहिलं नाहीत. तिसरा बहुधा नर असणार, असा माझा अंदाज.

प्रत्येक पक्षी टाकण्याआधी बरगड्या तपासा आणि आणल्यानंतर पुन्हा तपासा. वहीत लिहून ठेवा. एक पक्षी दोन-तीनदाच. फाटला, ओला झाला की टाकून द्या. मेलेला सापडलेला पक्षी मात्र कधीही वापरू नका, हातही लावू नका. बर्ड फ्लू इथे अजून आहे.

उपाय म्हणून लोक आणखी काय काय सांगतील ते आधीच सांगते. पक्ष्याला तार गुंडाळा, डमीत खिळे ठोका, टोचलं की चावणार नाही. जुन्या काळी हे सर्रास करत. मी एका कुत्र्यावर झालेलं पाहिलंय. त्याने महिनाभर काहीच उचललं नाही, आणि उचलायला लागला तेव्हा पटकन कचकावून, टोचण्याआधी. अंड्याचा प्रयोगही सांगतील, कच्चं अंडं न फोडता आणतो म्हणजे तोंड मऊ. पाहुण्यांसमोर छान दिसतो. अंड्याला पंख नसतात, ते उबदार नसतं, ते पळत नाही. माझ्या एका कुत्रीने अंडी आणली आणि त्याच संध्याकाळी तितर चेपला. अमेरिकेत फोर्स फेच नावाची पद्धत आहे, पक्के दात आल्यावर कान किंवा बोट दाबून ‘धर’ आणि ‘सोड’ पायरी पायरीने शिकवतात. तिथल्या जाणकारांच्या हातात ती चालते, बदकांच्या शिकारीवरचे पुष्कळ कुत्रे तसेच तयार होतात. इथे फारशी कुणी करत नाही, आणि पुस्तक वाचून घरी करण्याजोगी तर ती मुळीच नाही.

आता माझी चिंगी. पहिली कुत्री. अकरा महिन्यांची असताना मी तिला शूटवर नेलं, कारण ती हुशार होती आणि मला ती मिरवायची होती. चौथ्या हाक्याला पंख मोडलेला एक नर ओढ्याच्या काठाने पळाला. जवळचे सगळे कुत्रे दमलेले. कुणीतरी म्हणालं, सोड तुझीला. मी सोडली. काटेरी झुडपात शिरली, पाच मिनिटांनी बाहेर आली ती जिवंत नर धरून, भुवईवर रक्त. त्याने आरी मारली होती. आणला मात्र हातात. सगळ्यांनी वाहवा केली, मी फुशारले. पुढच्या आठवड्यात तिने आणलेल्या सहा पक्ष्यांपैकी सहाही चिरडलेले. ती शिकली होती, की आधी दाबलं म्हणजे पक्षी आरी मारत नाही.

मी आधी ओरडले. त्याने ती आणखी आवळून धरायला लागली. मग एका म्हाताऱ्या बाईने, जी माझ्याबरोबर पिकिंग-अप करायची, मला बाजूला घेऊन फक्त एवढं सांगितलं, की कुत्रीला घरी ने आणि पुढचा ऑक्टोबर येईपर्यंत पक्षी दाखवू नकोस. तसं केलं. बोळकांडी, डमी, स्टॉकिंग, सगळं पुन्हा. मेलेले पक्षी ती पुढे छान आणायला लागली, नऊ हंगाम तिने काम केलं. पण जखमी नर तिला दिसला की तो मोडूनच यायचा, शेवटपर्यंत. म्हणून मी तिला पळणाऱ्या पक्ष्यावर कधी सोडलं नाही, त्याला दुसरा कुत्रा ठेवला. म्हणजे पूर्ण सुधारलं असं म्हणता येणार नाही. आवरलं एवढंच.

यातून जानेवारीचं उत्तर निघतं : नाही. या हंगामात नाही. आमंत्रण स्वीकारा, कुत्रा घरी ठेवा, तुम्ही जा, हाकाऱ्यांबरोबर चाला, बघा. फेजंटचा हंगाम १ फेब्रुवारीला संपतो, पुढचा १ ऑक्टोबरला उघडेल, तोवर तो एकवीस महिन्यांच्या आसपास असेल. मी अठरा महिन्यांआधी कुठलाच कुत्रा नेत नाही. आणि पुढच्या वर्षीही पहिल्या दिवशी फक्त समोर पडलेले, मेलेले, थंड होत आलेले पक्षी, हाका पूर्ण संपल्यावर, शेजारी दुसरा कुत्रा सुटलेला नसताना. दोन कुत्रे एका पक्ष्यावर धावले की चांगलं तोंडही बिघडतं. तुमच्या घरी स्पॅनियल आहे म्हणून तुमच्या बाबतीत हे दुप्पट लागू. पळणारा पक्षी पहिल्या पूर्ण हंगामात नको. कुणी कितीही म्हणालं, सोड तुझ्याला, तरी नको.

महाराष्ट्रातून हे वाचून कुणाला हुरूप आला असेल तर : तिथे तितर, लावा, काहीही मारणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंधनं आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. लॅब्राडोर पाळलाय आणि त्याला काम द्यायचंय तर डमी आहे, पाणी आहे, शोधाशोध आहे. वरचं सगळं डमीवर जसंच्या तसं चालतं, आणि कुत्र्याला फरक पडत नाही.

तुमच्यासाठी, या आठवड्यात दोनच कामं. डमी उजेडात धरून दातांचे वण बघा. आणि बायकोला किंवा मुलाला मोबाइल देऊन, कुत्रा डमी आणतोय तेव्हा फक्त तुमचे हात चित्रित करायला सांगा, कुत्रा फ्रेममध्ये नसला तरी चालेल. सहा आठवड्यांनी पुन्हा तसाच व्हिडिओ काढा. आणि कीपरकडे जाल तेव्हा नर मागू नका, दोन तितर मागा, वेगवेगळ्या कागदात गुंडाळून.